आठमाही आरमार: दिघीची खाडी आणि शिडांच्या काळातील सागरकथा

राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण तोंडाशी, श्रीवर्धन तालुक्यात, दिघी वसले आहे. समोरच्या तीरावर मुरुड तालुक्यातले आगरदांडा. तिथून समुद्राकडे सरकले की राजपुरी गाव, आणि राजपुरीसमोर पाण्यातच उभा असलेला जंजिरा. आणखी वायव्येला, मुरुडच्या समोर, कांसा खडकावर पद्मदुर्ग. आत शिरलेली खाडी मांदाड आणि म्हसळ्याकडे फाटे फोडते. जुन्या कागदांत हा सारा टापू ‘दंडाराजपुरी’ किंवा नुसता ‘राजपुरी’ म्हणून येतो. सिद्दींच्या मुलखाला ‘हबसाण’ म्हणत. आज दिघीच्या धक्क्याला मोठी मालवाहू जहाजे लागतात आणि आगरदांड्याशी फेरीबोटीची ये-जा चालते. जहाजांना इथे आणणारे खोल पाणी आणि डोंगराचा आडोसा या दोन गोष्टी नव्या नाहीत. याच दोन गोष्टींसाठी सतराव्या आणि अठराव्या शतकांत या खाडीच्या तोंडावर सिद्दी, मराठे आणि मोगल झगडले, आणि इंग्रजांनीही त्यात हात घातला.

शिडांच्या काळातील सागरी साहसकथा हा कादंबरीचा प्रकार इंग्रजीत चांगलाच रुजला. त्याचा पाया घालणारा फ्रेडरिक मॅरियट स्वतः नौदलातला अधिकारी होता. तरुणपणी त्याने लॉर्ड कॉक्रनच्या हाताखाली काम केले आणि पुढे पहिल्या ब्रह्मी युद्धातही तो होता. सी. एस. फॉरेस्टरची हॉर्नब्लोअर मालिका १९३७ मध्ये सुरू झाली. पॅट्रिक ओब्रायनच्या पहिल्या कादंबरीतली मुख्य झुंज कॉक्रनच्या ‘स्पीडी’ने १८०१ मध्ये स्पॅनिश ‘गामो’ जहाज जिंकले त्या खऱ्या प्रसंगावर बेतलेली आहे. या कथांचा साचा ठरलेला असतो. राजाचे जहाज महिनोन्‌महिने समुद्रावर राहते, कप्तान वाऱ्याकडची बाजू मिळवण्यासाठी धडपडतो, दोन जहाजे समांतर येतात आणि एका कुशीच्या सगळ्या तोफा एकदम डागल्या जातात. ओब्रायनची एक कादंबरी मुंबई बंदरापर्यंत येते, पण मुंबईच्या दक्षिणेला वळून या खाडीकडे पाहत नाही. पाहिले असते तर तो साचा इथे लागू पडला नसता. कादंबरीतले आरमार बारमाही असते. राजपुरीचे आरमार आठमाही होते, आणि इथल्या सागरी युद्धाच्या बहुतेक गोष्टी त्या चार महिन्यांच्या खंडामुळेच घडल्या किंवा बिघडल्या.

कोकणच्या समुद्राचे वर्ष नारळी पौर्णिमेला उघडते. त्याआधी जूनपासून नैर्ऋत्येचा वारा तोंडावर येतो, लाटा थेट किनाऱ्यावर आदळतात आणि खाड्यांच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या दांड्यांवर पाणी फुटत राहते. किनारा पश्चिमेला उघडा असल्याने शिडाच्या गलबताला अशा वेळी पळून जायला जागाच नसते. वारा त्याला जमिनीकडेच ढकलतो. म्हणून आगोट लागायच्या आत गलबते खाडीत खेचत, काठावर ओढून घेत, शाकारून ठेवत. पाऊस सरला की फळ्यांच्या फटी पुन्हा भरायच्या, बुडाला तेल-चुना फासायचा, शीड शिवायचे आणि मगच पाण्यात उतरायचे. व्यापारी तारवांचा, मासेमारी होड्यांचा आणि लढाऊ गुराबांचा क्रम यात वेगळा नव्हता.

समुद्र उघडा असतानाचे आठ महिनेही सारखे नसत. थंडीत दिवसाचे वेळापत्रक वारा ठरवी. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे, दुपारनंतर समुद्रावरून येणारे खारे वारे, आणि मधल्या वेळात बऱ्याचदा साफ पड, म्हणजे वारा अगदी थांबलेला. पहाटे बाहेर पडायचे आणि संध्याकाळी परतायचे, हे कोळ्याचे गणित लढणाऱ्यालाही पाळावे लागे. त्यावर भरती-ओहोटीचा दुसरा हिशोब. कोकणात तो तिथीवरून करतात: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या, आणि हे दिवसा व रात्री दोन्ही वेळा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. घड्याळ नसलेल्या तांडेलाला यासाठी पंचांगही लागत नसे, चंद्र दिसला की पुरे. रात्री एखाद्या तटाशी पाण्यातून भिडायचे असेल तर हल्ल्याची तिथी आधी ठरे आणि बाकीचा बेत त्याभोवती आखावा लागे.

या पाण्याला साजेशी जहाजेच इथे घडली. गुराब आणि गलबत ही त्यांतली मुख्य जोडी. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात आंग्र्यांच्या आरमाराच्या संदर्भात त्यांचे बारकाईने वर्णन केले आहे. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन काठ्यांची दीडशे टनांच्या आसपास, तीन काठ्यांची तीनशेपर्यंत. लांबीच्या मानाने ती बरीच रुंद आणि पाण्यात थोडीच बुडणारी. मधल्या भागापासून ती पुढे निमुळती होत जाई, आणि युरोपीय जहाजासारखी उभी छाती नसून तिची लांब नाळ पुढे आलेली असे. नाळेवरच्या फळ्यांना बाजूचे कठडे नसत, त्यामुळे समोरची लाट नाळेवर चढली तरी पाणी दोन्ही अंगांनी वाहून जाई. त्यामागे लाकडी आडभिंत, तिच्यात दोन झरोके, आणि झरोक्यांतून नाळेवरून थेट पुढे नेम धरणाऱ्या नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा. कुशीतल्या तोफा त्याहून हलक्या.

गलबत लहान, बहुधा सत्तर टनांच्या आतले. त्याची मोठी डोलकाठी एकच, तिच्यावर एक प्रचंड त्रिकोणी शीड. अनेक गलबतांची पाटण चिरलेल्या बांबूंची असे आणि त्यांवर फक्त फिरत्या खिळीवरच्या छोट्या तोफा असत. खरे बळ वल्ह्यांत होते. चाळीस-पन्नास वल्ही एकदम पडली की वारा नसतानाही गलबत तासाला चार मैल काटी. वारा पडला की कित्येक गलबते मिळून गुराबेला दोराने ओढत शत्रूच्या मागे नेत. युरोपीय जहाजाच्या पिछाडीला तोफा कमी, म्हणून हल्ला तिथून. गुराबेच्या पुढच्या तोफा आधी शत्रूच्या डोलकाठ्यांवर चालत. काठी मोडली की जहाज लंगडे. तरीही शरण आले नाही, तर दोनशे-तीनशे माणसांनी भरलेली गलबते चारी बाजूंनी भिडत आणि तलवारी घेऊन माणसे वर चढत. मोठ्या जहाजाला ज्या पडीची भीती वाटे, ती पड इथल्या खलाशाची संधी होती. इंग्रजी कादंबरीत वारा पडला की प्रकरण रेंगाळते. कोकणात गोष्ट तिथेच सुरू होई.

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रातल्या आरमारावरच्या प्रकरणात हेच शहाणपण राज्यनीतीच्या भाषेत आले आहे. गुराबा फार थोर नकोत, फार लहानही नकोत. वाऱ्याशिवाय हलू न शकणारी मोठी तारवे बांधण्यात अर्थ नाही, असा त्यांचा रोख. आरमारासाठी सागवान लागेल ते परवानगीने तोडावे, पण रयतेच्या आंबा-फणसाला तिच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, हेही तिथेच. पावसाळी छावणीसाठी आरमार दरवर्षी एकाच बंदरात ठेवू नये, अशी सूचनाही त्यात आहे, कारण चार महिने रिकाम्या बसलेल्या लष्कराचा जाच त्याच गावांना पुन:पुन्हा सोसावा लागतो. छावणीची जागा कशी असावी याचा विचार मोहिमेइतक्याच गांभीर्याने करणारे हे लेखन आठमाही आरमाराचेच असू शकते.

जंजिऱ्याची गोष्ट कोळ्यापासून सुरू होते. परंपरा सांगते की या बेटावर आधी राम पाटील या कोळी प्रमुखाचा लाकडी मेढेकोट होता आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या पिरमखानाने दारू पाजण्याच्या युक्तीने तो घेतला. दगडी तट सोळाव्या शतकातला. सतराव्या शतकाच्या मध्यावर तो हबशी सरदार फत्तेखानाच्या ताब्यात होता, तर शिवाजी महाराज कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजे बांधू लागले होते. त्या कामावर असलेला पोर्तुगीज कारागीर रुई लैतांव व्हिएगश १६५९ मध्ये गोव्याच्या दडपणाने काम सोडून गेला, पण जहाजे बांधली गेलीच. १६६५ च्या फेब्रुवारीत बसरूरवर गेलेल्या आरमारात ८५ लहान आणि तीन मोठी जहाजे होती, आणि महाराज स्वतः त्यांतल्या एकावर होते. दर्यासारंग, मायनाक भंडारी, दौलतखान हे त्या आरमाराचे सेनानी. मुसलमान, भंडारी आणि कोळी एकाच तांड्यात असणे या किनाऱ्यावर कुणाला नवलाचे नव्हते.

१६७०-७१ मध्ये मराठ्यांच्या रेट्याने थकलेला फत्तेखान किल्ला देण्याच्या विचारात होता. त्याच्याच तीन सहकाऱ्यांनी, संबळ, कासिम आणि खैरियत या सिद्दींनी, त्याला कैद केले आणि औरंगजेबाचे मांडलिकत्व पत्करले. मोगली पैसा आणि जहाजे मिळताच सिद्दींनी पहिला घाव घातला तो खाडीकाठच्या दंडाराजपुरीवर, जी तोवर मराठ्यांकडे गेली होती. खाफीखानाने नोंदवलेल्या हकिकतीप्रमाणे १६७१ च्या होळीच्या रात्री, शिबंदी सणाच्या नादात असताना, खैरियतने जमिनीच्या बाजूने मोठा गलका करत हल्ल्याचा देखावा केला. पहारेकरी तिकडे धावले आणि कासिम होड्या घेऊन पाण्याकडच्या तटाला भिडला. झटापटीत दारूचे कोठार उडाले. हकिकतीत सारा भर मद्य आणि गाफिलपणावर आहे. तिथीचा हिशोब मांडला की आणखी एक गोष्ट दिसते. होळी म्हणजे फाल्गुनी पौर्णिमा: उधाणाची भरती, आणि तीही रात्री सव्वाअकराच्या सुमारास. होड्यांना तटाच्या पायाशी नेणारे पाणी आणि गावभर चाललेला सण एकाच प्रहरी जुळून आले होते. कासिमला पुढे ‘याकूतखान’ हा किताब मिळाला, आणि मरेपर्यंत, म्हणजे आणखी सुमारे पस्तीस वर्षे, तो या पाण्यावर राहिला.

महाराजांचे उत्तर होते पद्मदुर्ग. जंजिऱ्याला वेढा घालायचा तर वेढणाऱ्या आरमाराला जवळ मुक्कामाची जागा हवी. कांसा खडकावर ती तयार झाली. जानेवारी १६७५ मध्ये प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला गेलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पद्मदुर्गाच्या कामासाठी ठरलेला ऐवज आणि गल्ला त्याने पोचवला नाही, म्हणून महाराजांनी त्याची खरडपट्टी काढली आहे. राजपुरीच्या छाताडावर दुसरी राजपुरी उभी करायची, आणि ऐन वेळी रसद अडवायची, म्हणजे शत्रूची चाकरीच, असा एकंदर सूर. पत्राचा महिना महत्त्वाचा. जानेवारीत धान्य आले नाही तर काम मागे पडते, आणि काम मागे पडले की चार महिन्यांनी समुद्र बंद होतो. सुभेदाराच्या कारकुनी दिरंगाईत एक पूर्ण मोसम वाया जाण्याचा धोका होता. पत्रातला संताप त्यासाठी आहे.

पुढच्या वर्षीचा प्रसंग कुठल्याही साहसकादंबरीकाराने हेवा करावा असा. लाय पाटील हा पद्मदुर्गाकडचा कोळी. परंपरेने सांगितले जाते की १६७६ च्या मोहिमेत रात्रीच्या अंधारात त्याने जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. ठरल्याप्रमाणे मोरोपंत पेशव्यांची माणसे होड्यांतून येऊन त्या चढायच्या होत्या. माणसे वेळेवर आलीच नाहीत. उजाडायला लागले तसा लाय पाटील शिड्या काढून परतला. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला, तेव्हा दर्यावर्दी माणसाने पालखी काय करायची, असे म्हणून त्याने नम्रपणे नाकारली. मग त्याच्यासाठी एक गलबत बांधवून त्याचेच नाव ‘पालखी’ ठेवले, अशी ही हकिकत. तिच्यातला सर्वांत पटणारा तपशील मात्र गलबताच्या नावाचा नाही, शिड्यांचा आहे. जंजिऱ्याचा तट थेट पाण्यातून वर येतो. शिडी टेकवायला जमीन नाही. शिडीचा पाय होडीत ठेवायचा, होडी लाटेवर खालीवर होणार, आणि पाणी उतरू लागले की शिडी तोकडी पडणार. म्हणजे मोरोपंतांच्या माणसांना उशीर झाला तो घटका-दोन घटकांचा असला, तरी तेवढ्यानेच बेत फसला असता.

याच पाण्याने संभाजी महाराजांच्या १६८२ च्या वेढ्याला वेगळे वळण दिले. तोफा तटाला पुरत नाहीत हे दिसल्यावर किनाऱ्यापासून किल्ल्याकडे दगडांचा भराव टाकून समुद्रातच वाट बांधायला घेतली गेली. दादाजी रघुनाथ देशपांडे त्या मोहिमेवर होते. मोगल फौज कल्याणच्या बाजूने उतरल्याने महाराजांना मोठे सैन्य घेऊन निघावे लागले, आणि अर्धा भराव लाटांना सोडून दिला गेला.

सिद्दींचा प्रश्न उलटा होता. त्यांच्याकडे अभेद्य किल्ला होता, पण मोगलांकडून मिळालेली मोठी जहाजे पावसाळ्यात ठेवायची कुठे? राजपुरीची खाडी आडोशाची, तरी तिच्या दोन्ही काठांवर मराठ्यांचे हल्ले. म्हणून सिद्दी दर पावसाळ्यात मुंबई गाठायचा आणि माझगावला आरमार लावायचा. इंग्रजांची पंचाईत व्हायची. नाही म्हणावे तर मोगल बादशहा सुरतेचा व्यापार अडवणार, हो म्हणावे तर शिवाजी महाराज रुष्ट. चार महिने रिकामे बसलेले सिद्दीचे लोक माझगावात दांडगाई करत, समोरच्या मराठी किनाऱ्यावरून माणसे पळवत. आज्ञापत्राला ज्या जाचाची काळजी वाटत होती तो इथे प्रत्यक्ष दिसतो. १६७८ च्या जुलैत दौलतखान माझगावचे हे आरमार जाळण्यासाठी चार हजार माणसांनिशी पनवेलपर्यंत पोचला. बेत अचूक होता, कारण बांधून ठेवलेले जहाज पळू शकत नाही. पण ज्या पावसाने सिद्दीला माझगावात कोंडले होते त्याच पावसात पलीकडे न्यायला होड्या मिळाल्या नाहीत आणि दौलतखान परतला.

दुसऱ्या वर्षी खांदेरीवर मराठ्यांनी या पाण्याचे ज्ञान पुरेपूर वापरले. १६७९ चा पाऊस पुरता ओसरण्याआधीच मायनाक भंडारीची माणसे मुंबईच्या तोंडाशी असलेल्या त्या बेटावर उतरून तट बांधू लागली. इंग्रज जहाजे नाकेबंदीला आली, पण रात्री, वारा नसताना, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून लहान होड्या दगड, चुना आणि धान्य पोचवत राहिल्या. १८ ऑक्टोबरला दौलतखान बाहेर पडला. इंग्रजांच्या ताफ्यातली ‘डव्ह’ शरण आली. ‘रिव्हेंज’ने एकटीने झुंज देऊन मराठी आरमाराला मागे रेटले. तोफांच्या जोरावर इंग्रज त्या दिवशी तरले, बेट मात्र मराठ्यांकडे राहिले. मग सिद्दी आला आणि शेजारच्या उंदेरीवर जाऊन बसला. पुढची अनेक वर्षे ही दोन बेटे एकमेकांवर तोफा डागत होती.

कान्होजी आंग्र्यांच्या काळात सागरी सत्तेचे केंद्र कुलाब्याकडे सरकले. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगिजांसह कुलाब्यावर केलेल्या स्वाऱ्या फसल्या. १७२९ मध्ये कान्होजी वारले. राजपुरीच्या खाडीत शेवटची मोठी संधी आली ती १७३३ मध्ये. सिद्दी सातने परशुरामच्या देवस्थानाचा केलेला विध्वंस ब्रह्मेंद्रस्वामी विसरायला तयार नव्हते. बाजीराव पेशव्यांचे भट घराणेही मूळ श्रीवर्धनचे, म्हणजे दिघीच्या दक्षिणेचेच, आणि सिद्दीशी बिनसल्यावर देशावर गेलेले. फेब्रुवारीत सिद्दी रसूल वारला आणि जंजिऱ्यात वारशाचा तंटा पेटला. मेच्या सुरुवातीला बाजीराव राजपुरीवर उतरले आणि सिद्दीचे खाडीतले आरमार हाती लागले. किल्ला तेवढा उरला. पण मेच्या सुरुवातीला! समुद्र बंद व्हायला महिनाभर राहिला होता, आणि किल्ला घ्यायचा तर सेखोजी आंग्र्यांचे आरमार बाहेरून हवे. जूनमध्ये प्रतिनिधींनी रायगड घेतला खरा, पण ऑगस्टमध्ये सेखोजी वारले आणि वर्षअखेरीस तह करून पेशवे परतले. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी रेवसजवळ सिद्दी सातला मारले, तरी जंजिरा सिद्दींकडेच राहिला. तो थेट १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत.

मराठी आरमार बुडाले ते मात्र इथे नाही. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांच्याच संमतीने आलेल्या इंग्रज आरमाराने विजयदुर्गच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांची जहाजे जाळली. नांगरलेल्या ‘रेस्टोरेशन’वर, जे तुळाजीने इंग्रजांकडूनच जिंकले होते, तोफेचा गोळा पडून आग लागली आणि एकमेकांना लागून असलेल्या गुराबा एकामागून एक पेटत गेल्या. जेम्सच्या विधवेने लंडनच्या शूटर्स हिलवर नवऱ्याच्या स्मरणार्थ मनोरा बांधला. ‘सेव्हर्नड्रूग’ असे सुवर्णदुर्गाचे मोडके नाव घेऊन तो अजून उभा आहे.

एवढे घडूनही या पाण्याची कादंबरी मराठीत फारशी झाली नाही. त्याचे एक कारण कागदात आहे. फॉरेस्टरने ‘नेव्हल क्रॉनिकल’चे जुने खंड विकत घेतले आणि त्यांतून हॉर्नब्लोअर उभा राहिला. इंग्रज जहाजावर रोजचा वारा, दिशा आणि घटना वहीत टिपणे सक्तीचे होते, त्यामुळे कादंबरीकाराला आयता तपशील मिळाला. गुराबेवर अशी वही नव्हती. मराठी कागदांत आरमाराचा खर्च सापडतो, नेमणुका, इनामे आणि खरडपट्ट्याही सापडतात. १६९७ मध्ये सभासदाने बखरीत जहाजांच्या प्रकारांची नावे दिली आहेत. पण कोणत्या रात्री वारा कुठून होता, हे तांडेलाच्या डोक्यात राहिले आणि त्याच्याबरोबर गेले. परिणामी आंग्र्यांच्या लढाईचे सर्वांत जिवंत प्रत्यक्षदर्शी वर्णन शोधायचे तर क्लेमेंट डाउनिंग या इंग्रज खलाशी-अधिकाऱ्याच्या १७३७ च्या पुस्तकाकडे जावे लागते, आणि तो अर्थातच दुसऱ्या बाजूने पाहतो. हर्बर्ट स्ट्रँगच्या १९०६ मधल्या मुलांच्या कादंबरीत विजयदुर्ग हा समुद्री चाच्यांचा अड्डा म्हणून येतो तो याच परंपरेतून.

दुसरे कारण मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या सवयीत आहे. १८७१ च्या ‘मोचनगड’पासून ती डोंगरी किल्ल्यांवर वाढली. घोडे, कडे, चोरवाटा हा तिचा ठेवा. समुद्र फार तर क्षितिजावर. या सवयीला ठळक अपवाद नाथमाधवांचा. ‘सावळ्या तांडेल’ ही त्यांची कादंबरी दर्यावर्दी माणसाला नायक करते, आणि नायकाचा हुद्दा थेट शीर्षकात आणते. सिंहगडावरून पडून कमरेखाली अधू झालेला हा लेखक अंथरुणावरून लिहीत होता. ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला समुद्रावर नेणारा तोच निघाला, हा योगायोग चमत्कारिक म्हणावा लागेल. पुढे मनोहर माळगावकरांनी १९५९ मध्ये कान्होजी आंग्र्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले, आणि ते मराठीत आणले पु. ल. देशपांड्यांनी. म्हणजे मराठी सरखेलाची खुमासदार गोष्ट मराठी वाचकाला मिळाली ती इंग्रजीचा वळसा घालून. त्या चरित्राला कादंबरीची चव आहे आणि अनेक वाचकांना कान्होजी माहीत आहेत ते तिथूनच. जंजिरा-राजपुरीला मात्र अजून असा लेखक लाभलेला नाही. साहित्य कमी नाही: होळीची रात्र, तोकड्या शिड्या, माझगावात अडकून पडलेला सिद्दी, मेच्या उन्हात वळिवाच्या ढगांकडे पाहणारे बाजीराव. पण लिहिणाऱ्याला तिथी-भरतीचे गणित यावे लागेल, आणि दर जूनमध्ये कथा चार महिने थांबवण्याची हिंमतही.

आगबोटी आल्या तशी लढाऊ गलबते इतिहासजमा झाली. विटा, कौले आणि लाकूड वाहणारे शिडाचे पडाव विसाव्या शतकातही चालत राहिले. मग त्यांच्यातही इंजिने बसली. दिघी-आगरदांड्याची फेरीबोट तर पहिल्यापासून यंत्रावरचीच. शीड उरले आहे ते राजपुरीच्या धक्क्यावर. तिथून जंजिऱ्याला जाणाऱ्या प्रवासी होड्या अजून शिडावर चालतात. खारा वारा धरून होडी तटाकडे निघते, आणि अगदी जवळ जाईपर्यंत महाद्वार दिसत नाही. बुरुजांच्या दगडी फुगीर रांगेत ते लपलेले असते. शेवटच्या काही हातांवर शीड उतरवतात, होडी दुसऱ्या होडीला लागते, आणि नावाडी पायरी पाण्यावर आहे की पाण्याखाली हे पाहून माणसे उतरवतो. पाऊस लागला की या होड्या काठावर ओढून शाकारतात, आणि नारळी पौर्णिमा सरेपर्यंत किल्ल्यात कुणी जात नाही.